काय सोडावे, आणि किती घाईने?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. नव्या वर्षात बरेच काही हातावेगळे करायचे असे ठरवले आहे, पण नेमके काय सोडावे याचा निर्णय होत नाही. डिचोली तालुक्यातील माहेरच्या घराची दुरुस्ती निघाल्यामुळे भावाने वडिलांची लाकडी पेटी माझ्याकडे आणून ठेवली आहे. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. पेटीत पोर्तुगीज भाषेतील कागद, खंडाच्या म्हणजे शेतजमिनीच्या भाड्याच्या पावत्या आणि जत्रेतल्या नाटकांसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलेल्या नकला आहेत. समासात तांबड्या शाईने पात्रांसमोर गावातल्या माणसांची नावे लिहिलेली आहेत, पदांच्या डोक्यावर ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’ असे सूर नोंदवलेले आहेत आणि पानांना टोचलेल्या टाचण्या गंजल्या आहेत. शिवाय माळ्यावर तांब्या-पितळेची थोरली भांडी पडून आहेत, आणि महिला मंडळाचे चिटणीसपद आता नकोसे झाले आहे. त्यातच भावाने सुचवले आहे, की नवे वर्ष लागताच मी वडिलांच्या मालमत्तेतील हक्काच्या सोडपत्रावर सही करावी, म्हणजे सगळेच मोकळे होतील. आई हयात असून त्याच घरात राहते. भावाशी माझे संबंध चांगले आहेत. सुरुवात कशापासून करू?
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : भांडी, पद, कागद आणि हक्क या चारही गोष्टी तुम्ही एकाच यादीत घातल्या आहेत, म्हणून निर्णय अडतो आहे. प्रत्येकीबाबत एवढेच विचारून पाहा, की आज सोडलेली ही गोष्ट उद्या हवीशी वाटली तर परत मिळेल का? मिळणार असेल तर आजच सोडा, निर्णय चुकला तरी फारसे बिघडत नाही. मिळणार नसेल तर १ जानेवारी ही तारीख विसरून जा. आपल्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री मुले पेंढ्याचा ‘ओल्ड मॅन’ करून जाळतात आणि त्याच्या अंगावर घरातला जुना शर्ट चढवतात, पण त्या शर्टाच्या खिशात जमिनीचे दस्तऐवज कोणी ठेवत नाही.

भांड्यांबाबत फार विचार करू नका. घरात गीझर असताना पाणी तापवायचे तांब्याचे भाण पुन्हा चुलीवर चढणार नाही. समई आणि रोज नजरेसमोर राहील असे एखादे भांडे ठेवा, बाकीची आधी भावाला आणि मुलांना विचारा आणि कोणी नको म्हटले तर सरळ वजनावर मोडीत द्या.

चिटणीसपदही सोडा, मात्र संक्रांतीच्या तोंडावर सोडू नका. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मंडळाची हळदीकुंकवाची धांदल असते आणि त्या गडबडीत दिलेला राजीनामा रागाचा समजला जातो. तो आत्ताच तरी द्या किंवा रथसप्तमी उलटल्यावर द्या. जमाखर्चाची वही, पासबुक आणि इतिवृत्त नव्या चिटणीसांच्या स्वाधीन करून त्याची पोच घ्या आणि बँकेतली तुमची सही बदलून घ्या. सही बदलली नाही, तर पद सोडूनही प्रत्येक धनादेशासाठी मंडळी तुमच्याच दारात येतील.

कागदांचे काम सावकाशीचे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधीचा, पोर्तुगीज भाषेतील कोणताही कागद, तो वाचता येत नाही एवढ्याच कारणावरून, टाकू नका. त्यात खरेदीखत असेल, जन्माची वा विवाहाची नोंद असेल, कोमुनिदादशी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थेशी, घराण्याचा असलेला संबंध दाखवणारा एखादा चिटोराही असेल. खंडाच्या पावत्यांचे मोल तर अनेकांना न्यायालयात गेल्यावरच कळते. तुमचे घराणे भाटकाराचे म्हणजे जमीनमालकाचे असो वा कुळाचे, १९६४ चा कूळ कायदा आणि भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा १९७५ चा मुंडकार कायदा यांखालील वादांत जमीन कोण कसत होते आणि घरात कोण कोणत्या नात्याने राहत होते हे सिद्ध करताना अशा पावत्या पुराव्यात येतात, आणि एकदा जाळलेली पावती कोणतेही कार्यालय पुन्हा लिहून देत नाही. पणजीच्या अभिलेखागाराची सुरुवात १५९५ साली झाली. सरकारे बदलली तरी आपले कागद त्यांनी जपले, आणि आपण मात्र घर रंगवायला काढले की एका दुपारीत पेटी रिकामी करतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पोर्तुगीज जाणणाऱ्या एखाद्या जुन्या वकिलाकडून प्रत्येक कागद कशाचा आहे एवढे तरी लिहून घ्या. त्यानंतर जे निरुपयोगी ठरेल ते खुशाल टाका. त्यासाठी पाडव्यापर्यंत वेळ घेतला तरी चालेल, पण मृगाच्या आत काम उरका.

नकलांचे नाटक कदाचित छापील पुस्तकात मिळेल, परंतु समासातली ती नावे आणि ते सूर दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत. कोणत्या गावात कोणी कोणते पद कोणत्या पट्टीत गायले, याची नोंद एरवी कोण ठेवतो? गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, कारण त्यांचा गंज कागद खातो. पानांचे उजेडात फोटो काढून दोन ठिकाणी साठवा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पावसाळ्यात बंद प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते, म्हणून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर, वाळवी पोहोचणार नाही अशा कपाटात ठेवा. मुलांना त्यांत रस नसेल तर गावातल्या देवस्थानाच्या नाट्यमंडळाला किंवा पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला विचारून पाहा. रद्दीत मात्र घालू नका.

आता सोडपत्राविषयी, कारण तुमच्या पत्राचा खरा भार तिथे आहे असे मला वाटते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आजही चालते आणि वारसाहक्कासाठी आता २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे घराचा अर्धा भाग मुळातच तुमच्या आईचा आहे, आणि वडिलांच्या अर्ध्यात मुलगा व मुलगी यांचा हक्क समान आहे. हा हक्क तुम्हाला सोडता येतो, परंतु तो विशेष नोटरीपुढे रीतसर दस्त करूनच सोडावा लागतो आणि याच सामाईक मालमत्तेच्या नियमामुळे तुमच्या यजमानांचीही संमती लागते. आईच्या हयातीत तिच्या पुढच्या वारशावरचा हक्क मात्र कोणालाही सोडता येत नाही. त्यामुळे ‘एकदाच सही, सगळेच मिटले’ असे भाऊ म्हणत असतील तर ते तसे नाही, हे त्यांना शांतपणे सांगा.

तुम्ही सही करूच नये असे माझे म्हणणे नाही. भावाने आईला सांभाळले, घराचा खर्च उचलला आणि आता दुरुस्तीसाठी कर्ज काढायला त्यांना कागदपत्रे स्पष्ट हवी असतील, तर मन मोठे करून वाटा सोडणे योग्यही ठरेल. पण एकदा सोडलेला वाटा मागता येत नाही, आणि ‘तुझी खोली तुझीच राहील’, ‘आई शेवटपर्यंत इथेच राहील’ या तोंडी शब्दांना सोडपत्रात जागा नसते. आईच्या राहण्याचे काय, हे सहीआधी तिघांनी एकत्र बसून बोला आणि त्या बैठकीला आईला बसवा. या घाईत तिला कोणी विचारलेले दिसत नाही. भावाने निवडलेल्या वकिलावर विश्वास असला तरी एकदा तुमच्या वकिलाला मसुदा दाखवा. सही केली नाही तर माहेर तुटेल ही धास्ती मनात असेल, तर त्या धास्तीपोटी सही करू नका. तुम्हीच लिहिता तसे संबंध चांगले असतील, तर भाऊ चतुर्थीपर्यंत थांबतील.

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातला तरुण असून वेर्णा येथील कारखान्यात पाळीने काम करतो. गावच्या जत्रेच्या नाटकात आमच्या घरातून कोणीतरी काम करायचेच अशी आजोबांपासूनची रीत आहे, आणि गेली काही वर्षे मुख्य भूमिका माझ्याकडे आहे. रात्रपाळीमुळे तालमी चुकतात आणि बाकीचे ताटकळतात. नव्या वर्षात हे सोडून द्यावे का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : या वर्षापुरती भूमिका सोडा, मंडळ सोडू नका. भूमिका पुढच्या जत्रेला परत मिळू शकते, पण मंडळातून बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा बोलावणे गावात जरा अवघडच असते. तुम्ही संहिता पाठ असलेले नट आहात, तेव्हा प्रॉम्प्टिंग मागून घ्या. शेवटच्या काही तालमी आणि प्रयोगाची रात्र एवढे सांभाळले की ते निभावते, आणि तेवढ्यापुरती पाळी बदलून देणारा सहकारी मिळू शकेल. घरची रीतही मोडणार नाही. दिग्दर्शकांना मात्र पात्रयोजना ठरण्याआधी समक्ष भेटून सांगा आणि तुमच्या जागी कोणाला घ्यावे असे वाटते, ते नावही त्यांच्या कानावर घाला.