गावात पेढे वाटून झालेत, आता नाही कसं म्हणू?

'ताई, मी दिंडोरी तालुक्यातली. नाशिकला कॉलेज रोडला रूम करून टी.वाय.बी.कॉम. करतेय. करिअर फायनान्समध्येच करायचंय. इंग्लंडच्या एका विद्यापीठाचं एम.एस्सी. फायनान्सचं ऑफर लेटर आलंय. कोर्स एक वर्षाचा, कर्ज ४० लाखांचं. मुंबईच्या जमनालाल बजाजमध्येही एम.एस्सी. फायनान्सला निवड झालीय. अण्णा पाथर्डी फाट्याचा प्लॉट तारण ठेवायला तयार आहेत. गावात पेढेही वाटून झालेत. आता नाही म्हटलं तर लोक म्हणतील, पोरगी घाबरली. काय करू?'

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. अण्णा आहेत, गाव आहे, प्लॉट आहे. पण पहिली नोकरी तुला कुठे करायचीय, ते कुठेच सापडलं नाही. आधी ते ठरव, कारण फायनान्सच्या नोकऱ्या बऱ्याचदा ओळखीपाळखीतून आणि जवळच्या बाजारातून मिळतात. बजाज चर्चगेटला आहे. तिथून शेअर बाजाराचा दलाल स्ट्रीट आणि रिझर्व्ह बँक चालत गाठता येतात. शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सेबी आणि दुसरा मोठा शेअर बाजार एनएसई बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. संस्था १९६५ची, त्यामुळे इंटर्नशिपसाठी कुणाला फोन करायचा हे सांगणारे सीनियर तुला भेटतील.

एक वर्षाच्या कोर्सचं एक दुखणं मुलांना तिकडे पोचल्यावर कळतं. लंडनच्या मोठ्या बँकांच्या ग्रॅज्युएट भरतीचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू असतात, काही तर त्याआधीपासून. तू अजून बॅगा उघडत असशील, बँकेत खातं काढायला रांगेत असशील, आणि तेव्हाच ऑनलाइन टेस्ट द्यायच्या. तिथे शिकलेलं काहीच सीव्हीवर आलेलं नसणार. दोन-तीन वर्षं नोकरी करून गेलेल्यांना हाच कोर्स फळतो, कारण मुलाखतीत सांगायला त्यांच्याकडे केलेलं काम असतं. तुझ्याकडे आज मार्कशीट आहे. ती चांगली असणार, पण तेवढ्यावर भागत नाही.

मग व्हिसा. शिक्षणानंतर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत २ वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचा मिळेल. त्यापुढे राहायचं तर स्पॉन्सर करणारी कंपनी हवी. शिवाय वर्षाला साधारण ४१,७०० पौंड पगाराची अट आहे, नवख्यांसाठी ३३,४००. जमणारच नाही असं मी म्हणत नाही. दीड वर्षात जमवावं लागेल, एवढंच.

आणि कर्ज. ४० लाख, साडेदहा टक्के व्याज, १० वर्षं धरलीस तर हप्ता महिन्याला सुमारे ५४ हजार. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. तिकडे नोकरी लागली तर फिटेल. परत यावं लागलं तर मुंबईतल्या पहिल्या पगारातून एवढं काढणं फार कठीण, मग तो हप्ता अण्णांच्या गळ्यात पडणार. दिंडोरीच्या पोरीला मी काय सांगू? द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लागला की बागेचं काय होतं ते तू लहानपणापासून बघत आलीयस. शेतजमीन बँका शैक्षणिक कर्जाला सहसा तारण घेत नाहीत, म्हणूनच बहुधा प्लॉटचा विषय निघाला. अडीनडीला मोडता येईल असं घरात दुसरं काय आहे?

माझं मत विचारशील तर बजाज घे. शिकता शिकता सीएफएची, म्हणजे फायनान्समधल्या जगभर चालणाऱ्या व्यावसायिक परीक्षेची, पहिली लेव्हल दे. मुंबईत दे नाहीतर लंडनमध्ये, परीक्षा एकच. पुढे दोन वर्षं नोकरी कर. तरीही जावंसं वाटलं तर जरूर जा, तेव्हा तुझा स्वतःचा पगार आणि अनुभव पाठीशी असेल. आणि लंडनलाच राहायचं असं तुझ्या मनात खरंच पक्कं असेल, तर मला परत लिही. मग हिशोब वेगळा मांडू.

पेढ्यांचं म्हणशील, तर ते तुझ्या हुशारीचे होते. बजाजची निवडही त्याच हुशारीवर झालीय. हे अण्णांना तूच सांगायला हवंस, आणि इंग्लंडच्या विद्यापीठाचं डिपॉझिट भरायच्या तारखेआधी सांगायला हवंस. या शनिवारी घरी जा. अण्णा बागेतून आले की वहीत ५४ हजारांचा हप्ता लिहून त्यांच्यापुढे ठेव, आईलाही शेजारी बसव. आणि प्लॉट घेतला तेव्हा दोघांच्या मनात काय होतं, ते आधी विचार.