ॲप म्हणतं, 'लोकेशन डेटा नाव काढून, एकत्र करूनच वापरतो.' मग धोका कसला?

सोबतीला किती जण आहेत, त्यावर सगळं ठरतं. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवर तुम्ही गर्दीत हरवून जाता. रात्री अडीचला मळ्यातल्या एकट्या घरात हरवणार कुठे?

स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या धावणाऱ्या-सायकल चालवणाऱ्यांचे माग एकत्र करून नकाशा काढला. शंभर कोटींवर नोंदी, नाव एकाचंही नाही. लंडन, न्यूयॉर्क नुसते झगमगत होते, तिथे कोण कुठला काही कळत नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने बोट ठेवलं ते नकाशातल्या अंधारावर. सीरिया-अफगाणिस्तानच्या काळ्या पट्ट्यात मधेच उजळ रेघा दिसत होत्या. लष्करी तळांवरचे सैनिक रोज व्यायाम करत होते, त्यांचे ते माग.

मी असल्या डेटावरच काम करतो. एकदा दर तासाला नकाशावरच्या कुठल्या चौकोनात किती फोन, असा साधा तक्ता तपासत होतो. गावाबाहेरच्या एका चौकोनात रोज रात्री १. सकाळी सातला तिथे ०, शेजारी १, आठला त्याच्या पलीकडे १. बोट सरकवत गेलो तर एका शाळेपाशी पोचलो. रविवारी हा १ जागचा हलत नव्हता. नाव कशाला हवं? गावच्या चहाच्या टपरीवर विचारलं असतं तरी कळलं असतं.

तेव्हापासून दहाच्या खालचा आकडा आम्ही दाखवतच नाही. तेवढ्याने भागत नाही म्हणा. अख्ख्या तालुक्याची बेरीज आणि बाकीचे चौकोन दिले, की वजाबाकीने लपवलेला आकडा बाहेर! म्हणून चौकोन मोठे करायचे, तासाऐवजी दिवसाचा हिशोब द्यायचा, आणि आकड्यांत मोजूनमापून थोडी भेसळ करायची. या मोजक्या भेसळीच्या पद्धतीला डिफरन्शियल प्रायव्हसी म्हणतात. गूगलने २०२० मध्ये कोविडकाळातल्या वर्दळीचे अहवाल काढताना हीच पद्धत वापरली.

हे झालं डेटावाल्यांचं. तुमच्या हातात एवढंच, की कच्चा माल कमी द्यायचा. पाऊस पडेल का सांगणाऱ्या ॲपला तुमची गल्ली कळून काय करायचंय? अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून अचूक ठिकाण बंद करून ढोबळ देता येतं. स्ट्राव्हात घराजवळचा माग लपवता येतो, आणि एकत्रित नकाशातून नोंदी वगळायलाही सांगता येतं. ही दुसरी सेटिंग वेगळी आहे, ती शोधून नकाशाला नोंदी देणं बंद करा.