कळत नसलं तरी भूल लागते: मूतखड्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना भेटाच

ताई, तुमचे मिस्टर माडावरून पडले, छातीखाली काही कळत नाही, तरी रात्रभर पाय जळतात म्हणून विव्हळतात. आणि आता मूत्राशयातला खडा काढायचाय, तर डॉक्टर म्हणतात, "त्यांना कळतच नाही, भूल कशाला?" हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आम्ही देवगडकडचे. आमचे हे आंबे काढताना कलमावरून पडले, मार टी ४ ला, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्याला. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल लिहीन ते तुमच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे, परस्पर सुरू करायला नाही. पण भूल कशाला, याचं उत्तर मात्र ठामपणे देते, कारण आम्ही ते भोगलंय.

कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, पाठीवरच्या जखमा, दोन-दोन तासांनी कूस बदलणं, हे तुम्ही करत असालच, त्यात वेळ घालवत नाही.

ह्यांनाही खडाच झाला होता. नळी कायमची असली की बरेचदा होतात. जिथे नेलं त्या रुग्णालयाचं नाव घेत नाही. तिथे भूलतज्ज्ञ रोज नसत, बाहेरून बोलवावे लागत. आम्हाला सांगितलं, दुर्बिणीतून पाच मिनिटांचं काम आहे, पेशंटला कमरेखाली कळत नाही, उगाच खर्च कशाला. आत नेलं. दुर्बिणीने बघायचं तर मूत्राशयात पाणी भरतात. ते भरायला लागले आणि हे डोकं फुटतंय म्हणून ओरडू लागले. धीर द्यायला मला आत बोलावलं. कपाळावर घामाचे थेंब ओघळत होते, तोंड आणि मान लालबुंद, आणि खाली मांड्या मात्र गार, त्यांवर काटा. नेहमी शंभरच्या आसपास असणारं वरचं बीपी दोनशेच्या पुढे गेलेलं. आणि तिथल्या माणसांनी काय करावं? चक्कर येतेय समजून उशी काढली, पाय वर केले. करायला हवं होतं त्याच्या नेमकं उलट. दुसऱ्या वॉर्डातले एक वयस्कर फिजिशियन धावत आले. त्यांनी आधी पाणी काढून टाकायला लावलं, ह्यांना उठवून बसवलं, मग हळूहळू बीपी उतरलं. खडा अर्धा तसाच राहिला. आणि डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलं, तर पेशंट घाबरल्यामुळे काम थांबवलं. अजून ते वाक्य आठवलं की माझा संताप होतो. त्या दोन ओळींमुळे पुढच्या रुग्णालयातही कुणी गांभीर्याने घेईना. आणि हे तर नळी बदलायलाही कुणाला हात लावू देईनात. खडा वाढला, ताप येऊ लागला, तेव्हा कुठे घाट चढून कोल्हापूरला गेलो.

तिथल्या भूलतज्ज्ञ बाईंनी समोर बसवून समजावलं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. मार टी ६ किंवा त्याच्या वर असला की हा धोका असतो. मूत्राशय ताणलं की त्याची खबर मज्जातंतूंतून वर निघते. मेंदूपर्यंत ती पोचत नाही, म्हणून माणसाला दुखत नाही. पण माराच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो, तो त्या खबरेवर आपणहून रक्तवाहिन्या आवळतो आणि बीपी चढतं. मेंदूला चढलेलं बीपी कळतं, तो हृदयाची गती कमी करतो, पण खालच्या वाहिन्या सैल सोडा हा त्याचा निरोप माराच्या पुढे जात नाही. म्हणून वर घाम आणि लाली, खाली गार. वेळेत आवरलं नाही तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे काही नवीन शोधलेलं नाही. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांत हेन्री हेड आणि जॉर्ज रिडॉक या डॉक्टरांनी १९१७ मध्येच याचं वर्णन केलंय. तरी शंभर वर्षांनंतर आमच्या कार्डावर 'घाबरला' असं लिहिलं जातं.

म्हणजे भूल फक्त दुखू नये म्हणून देतात हा समजच चुकीचा आहे. इथे भूल बीपी ताब्यात ठेवण्यासाठी लागते. पाठीतून दिलेली भूल ही खबर वाटेतच अडवते, म्हणून मूत्राशयाच्या कामांना ती चांगली मानतात. आधीच मणका मोडलाय, त्यात परत सुई, अशी आम्हालाही भीती होती. त्या म्हणाल्या, याने दुखापत वाढत नाही, पाठीत सळ्या-स्क्रू असतील तर सुई घालायला अवघड जातं एवढंच. नाही जमली तर पूर्ण भूल नीट खोल द्यायची. नळीच्या वाटेत नुसती बधीर करणारी जेली लावली तर ताणलेल्या मूत्राशयाला ती पुरत नाही. कुणी 'जेली लावू की' म्हणालं तर तिथेच थांबवा.

पूर्ण भूल ठरली तर पडल्याची तारीख त्यांना नक्की सांगा. सक्सिनिलकोलीन नावाचं स्नायू ढिले करणारं औषध आहे. असं अंग लुळं पडलेल्या माणसाला दुखापतीनंतर तीनेक दिवसांनी आणि पुढे कित्येक महिने ते टाळतात, काही तज्ज्ञ तर कायमच टाळतात. त्याने स्नायूंतून पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबू शकतं. दुसरी औषधं आहेत, पण विचारणाऱ्याला माहिती हवी.

मी एक कागद लिहून प्लास्टिकच्या पाकिटात घालून व्हीलचेअरच्या पाठीला बांधलाय. वर मार कुठे आणि कधी, मग नेहमीचं बीपी, चालू गोळ्या, पाठीतलं लोखंड. नेहमीचं बीपी सगळ्यात महत्त्वाचं, कारण अशा माणसाचं वरचं बीपी ९० ते ११० असू शकतं. त्याचं १४० झालं तर नर्सला ते नॉर्मल वाटतं, आणि ह्यांच्यासाठी ती धोक्याची घंटा असते. माझं स्पष्ट मत आहे, माडा-कलमांच्या आपल्या मुलखात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर हे लिहिलेलं असायला हवं.

घरीही होऊ शकतं. अचानक डोकं ठणकलं, तोंड लाल झालं, तर आधी बसवा, पट्टा-नाडी सैल करा, नळी दुमडली-तुंबली का बघा. मग शौच अडकलंय का, कुठे जखम आहे का, पायाच्या बोटाचं नख आत घुसलंय का तेही. बीपी उतरेना तर घरी थांबू नका.

आता जळजळीबद्दल. तुमची सासू म्हणते तसे ते भास नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगा. कळत नसलेल्या पायात जळणं, शॉक बसणं ही मज्जातंतूची वेदना आहे. डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या दुखण्यावरच्या गोळ्या तिला फारशा लागू पडत नाहीत, पोट तेवढं बिघडतं. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलीन ही औषधं त्यासाठी वापरतात. प्रीगॅबालिनला अमेरिकेत नेमक्या याच वेदनेसाठी २०१२ मध्ये मान्यता मिळाली. कमी डोसपासून सुरू करतात. झोप येते, पाय सुजतात. अमिट्रिप्टिलीनने बद्धकोष्ठ होतं. वेदना पूर्ण जात नाही, पण ह्यांना निदान चार तास सलग झोप लागायला लागली, आणि आमच्या घराला तेवढं खूप होतं. खांदे दुखत असतील तर ते चाकं ढकलून, त्याचा उपाय वेगळा. आणि बधिरपणा किंवा वेदना नव्याने वर सरकायला लागली तर एमआरआयबद्दल जरूर विचारा.

बॅक्लोफेन, म्हणजे स्नायू आखडतात त्यावरची गोळी, चालू असेल तर ती एकदम कधीच बंद पडू देऊ नका, फिट येऊ शकते. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडतात, औषधवाल्याकडे माल येत नाही. मी मे महिन्यातच जास्तीची पाकिटं आणून ठेवते.

ऑपरेशनची तारीख पुढे गेली तरी चालेल, आधी भूलतज्ज्ञांची वेळ घ्या. आणि एमआरआयच्या कागदावर टी किती लिहिलंय ते इथे टाका. टी १० किंवा खाली असेल तर हा बीपीचा धोका सहसा नसतो. पण छातीखाली कळत नाही म्हणताय, म्हणून मला काळजी वाटतेय.