बी.एस्सी. करताना शाळकरी मुलांना विज्ञान शिकवायचंय, शिवाय संशोधनाचा अनुभवही हवाय. पुण्याजवळ काय करता येईल?

आधी खोडद गाठा. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या वेधशाळेत अवकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या, ४५ मीटर व्यासाच्या ताटल्यांसारख्या ३० दुर्बिणी आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, शाळकरी पोरांची झुंबड उडते. तुमचा प्रयोग मांडता येतो का विचारा. "एवढी मोठी ताटली, मग डोळा कुठे लावायचा?" असं पाचवीतल्या पोरीनं विचारलं, की आपलं पाठांतर उघडं पडतं!

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊतून खेळणी करायला शिका. स्ट्रॉ कापून केलेली पिपाणी अख्खा वर्ग खिशात घालते. संशोधनासाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम आणि विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप बघा. अर्ज परीक्षेच्या धांदलीत राहून जातो; माझा एकदा राहिलाच.