‘बापावर गेलाय’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : धाकट्या दिरांना मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा आता आमच्याकडे असतो. चिडला की वस्तू फेकतो, माझ्या मुलीला मारतो. सासूबाई म्हणतात, ‘बापावर गेलाय, रक्तातच आहे.’ जनुकीय तपासणीत हे आधी कळेल का?

उत्तर : नाही. मूल पुढे गुन्हेगार होईल की नाही हे सांगणारी तपासणीच नाही. त्यावर पैसे घालवू नका.

आनुवंशिकतेचा काहीच वाटा नसतो, असं मात्र नाही. डेन्मार्कमधल्या १४,४२७ दत्तक मुलामुलींच्या नोंदींचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मदाते आणि दत्तक पालक दोन्ही निर्दोष असताना १३.५ टक्के मुलगे पुढे दोषी ठरले होते. फक्त जन्मदाते दोषी असताना २० टक्के. म्हणजे तेव्हाही पाचांतले चार त्या वाटेला गेले नाहीत. शिवाय हा संबंध चोरीसारख्या गुन्ह्यांत दिसला, हिंसेच्या गुन्ह्यांत नाही. सासूबाईंना हे जरूर सांगा.

मेंदूतली काही रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) बनवणाऱ्या ‘एमएओए’ जनुकाचाही बराच गाजावाजा झाला. न्यूझीलंडच्या २००२ च्या अभ्यासात त्याचा मंद, म्हणजे हे विकर कमी बनवणारा, प्रकार एक तृतीयांशाहून जास्त मुलग्यांत होता. त्यांच्यातल्या ज्यांचा लहानपणी छळ झाला, त्यांच्यात हिंसक वागणं ठळकपणे वाढलं. छळ झाला नव्हता तिथे नुसत्या जनुकाने फरक पडला नाही. म्हणून या मुलाला धाकासाठी मारू नका, अगदी चापटसुद्धा नको.

दोन आठवडे वहीत तीन रकाने ठेवा : आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. उत्तर बहुधा तिसऱ्या रकान्यात सापडतं. वस्तू फेकली की अभ्यास टळत असेल, तर तो फेकतच राहणार. मग राग ओसरल्यावर तोच अभ्यास, थोडा का होईना, पुरा करून घ्या. सुरुवातीला आकांडतांडव वाढेल. बहुतेक घरं इथेच नमतात आणि मूल शिकतं की जास्त ओरडलं की जमतं. हात उचलला तर मुलांना लगेच वेगळं करा. राग येऊनही आवरला, तर त्याच क्षणी नाव घेऊन कौतुक करा. घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा.

महिनाभरात फरक दिसला नाही, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. प्राण्यांना छळणं, आग लावणं, हत्यार उचलणं यांपैकी काही दिसलं तर थांबूच नका. वही सोबत न्या आणि घरात त्याने काय काय पाहिलंय, तेही सांगा. झोप, ऐकू येणं आणि अतिचंचलता तपासून घ्या. वडील दुरावल्याचं दुःखही या वयात रागातूनच बाहेर पडतं. आणि ‘बापावर गेलाय’ हे त्याच्या कानावर पडणं आजपासून बंद करा.