घरात इन्व्हर्टर असताना नॅसला वेगळा यूपीएस हवा का?

फोंड्याजवळच्या घरी दोन डिस्कचे सिनॉलॉजी कंपनीचे नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा साठा आहे, त्यात घरचे फोटो आणि चतुर्थीच्या घुमट-आरत्यांची जुनी रेकॉर्डिंग आहेत, घराला इन्व्हर्टरही आहे. मग वेगळा यूपीएस घ्यावा का आणि किती व्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा), असा तुमचा प्रश्न. माझे उत्तर: घ्याच, छोटा चालेल, पण यूएसबी डेटा पोर्ट असलेलाच घ्या.

इन्व्हर्टर वीज पुरवतो, पण बॅटरी संपत आल्याचे नॅसला सांगत नाही. मिरगाच्या आधीच्या वादळात एखादी झावळी तारांवर पडली की दुरुस्तीला रात्र जाते. पहाटे इन्व्हर्टर दमतो आणि नॅस लिहिता लिहिता बंद पडते. डिस्कवर उतरायचा डेटा त्या क्षणी कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत असतो, तो जातो. मिररमधल्या, म्हणजे एकच डेटा ठेवणाऱ्या दोन डिस्क एकमेकींशी जुळेनाशा होऊ शकतात, फाइल सिस्टीम बिघडू शकते. दर वेळी असे होत नाही. पण ज्या आरत्या म्हणणारी माणसे आज नाहीत, त्यांच्या बाबतीत ‘बहुतेक काही होणार नाही’ यावर विसंबू नये.

म्हणून यूपीएसचे खरे काम नॅसला वेळेत ‘आता आवरा’ असा निरोप देण्याचे आहे. तो निरोप डेटा केबलमधून जातो. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त यूपीएसना हे पोर्टच नसते. काहींवरचे यूएसबी फक्त मोबाइल चार्ज करायला असते, तेही उपयोगाचे नाही. एपीसी कंपनीच्या काही यूपीएसवर लॅनसारखे दिसणारे पोर्ट असते, त्याला त्यांचीच खास केबल लागते, साधी लॅन केबल चालत नाही. घेण्याआधी सिनॉलॉजीच्या सुसंगत उपकरणांच्या यादीत मॉडेल आहे का ते पाहा.

केबल जोडली की कंट्रोल पॅनेलमध्ये हार्डवेअर आणि पॉवरखाली यूपीएसचा टॅब उघडून सपोर्ट सुरू करा. तिथे वीज गेल्यावर किती वेळाने ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे कामे थांबवून डिस्क सुरक्षित करण्याच्या स्थितीत जायचे ते विचारतात. बरेच जण ‘बॅटरी अगदी संपेपर्यंत’ असे ठेवतात. मला ते पटत नाही. जुनी बॅटरी भरलेली दाखवते आणि भार आला की अचानक बसते. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा पूर्ण भरायला सहा-आठ तास लागतात, आणि आपल्याकडे पहिल्या गडगडाटात वीज एकदा जाऊन थांबत नाही, पाच मिनिटे येते आणि परत जाते. पहिल्याच वेळी बॅटरी रिकामी केली तर दुसऱ्या वेळी नॅस उघड्यावर. यूपीएस थेट विजेवर असेल तर पाच मिनिटे ठेवा. इन्व्हर्टरच्या मागे, म्हणजे त्याच्या पुरवठ्यावर असेल तर दोन-तीन मिनिटे पुरेत, कारण यूपीएस इतका वेळ बॅटरीवर राहिला म्हणजे इन्व्हर्टर संपलेला आहे, वाट बघून काही मिळणार नाही.

त्याच पानावर नॅस सेफ मोडमध्ये गेल्यावर यूपीएसही बंद करण्याचा पर्याय आहे. तो लावा, उरलेली बॅटरी राखली जाते. राउटर त्याच यूपीएसवर असेल तर तोही बंद होईल, हे घरच्यांना सांगून ठेवा. वीज परत आल्यावर नॅस आपोआप सुरू करण्याची खूण जनरल टॅबमध्ये असते.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाइनच्या विजेसारखीच सलग लहर देणारा असेल तरच यूपीएस त्याच्या मागे जोडा. स्क्वेअर वेव्हचा पुरवठा काही यूपीएस वीज म्हणून मानतच नाहीत आणि बॅटरीवरच बसून राहतात. तसा असेल तर इन्व्हर्टरला न जोडलेल्या पॉइंटवर यूपीएस लावा.

क्षमतेची चिंता करू नका. असे नॅस साधारण २०-२५ वॅट घेते, राउटर आणि फायबरचा डबा धरून ४० वॅट म्हणा. ६०० व्हीए, ३६० वॅटचा यूपीएस नव्या बॅटरीवर हा भार अर्धा तास तरी पेलतो. फक्त नॅसची पिन बॅटरीच्या सॉकेटमध्येच लावा, काही यूपीएसवर एखादे सॉकेट नुसते सर्ज संरक्षणाचे, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवण्यापुरते असते.

विजा कोसळतात तेव्हा मात्र यूपीएसवर भिस्त ठेवू नका. जांभा दगडाच्या जमिनीत अर्थिंग चांगले लागत नाही, उन्हाळ्यात तर ती कोरडी ठणठणीत असते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्या, कारण सर्ज संरक्षणाला जादा दाब वाहून न्यायला तीच वाट लागते. अंगणातल्या कॅमेऱ्याची लॅन केबल नॅसच्या नेटवर्क स्विचपर्यंत येत असेल तर झटका तिथूनही शिरतो. गावाला जाताना नॅस रीतसर बंद करून प्लग आणि केबल दोन्ही काढा. आणि त्या आरत्यांची एक प्रत दुसऱ्या घरी, निदान एखाद्या नातेवाइकाकडे, आजच ठेवा. यूपीएस असो वा नसो, ती हवीच.

यूपीएस बंद कपाटात कोंबू नका. या बॅटऱ्यांचे आयुष्य २५ अंश सेल्सिअस धरून सांगितलेले असते, त्यावर दर १० अंशांनी ते जवळपास निम्मे होते. आपल्या हवेत तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा. बसवल्याची तारीख डब्यावर लिहा, जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच द्या.

सगळे जोडून झाले की चाचणी घ्या. प्लग उपटू नका, बोर्डावरचे बटण बंद करा, म्हणजे अर्थिंग जोडलेले राहते. ठरवलेल्या वेळी नॅस सेफ मोडमध्ये गेले का आणि बटण चालू केल्यावर आपोआप उठले का, ते लॉग सेंटरमध्ये पाहा. इन्व्हर्टरवर काय लिहिले आहे ते आणि यूपीएसचे मॉडेल इथे टाकलेत तर जुळते का ते सांगतो.