दुबईचं गिफ्ट कार्ड रत्नागिरीत चालत नाही
गेममधले डायमंड (गेममध्ये वापरायचं विकतचं चलन) घेण्याआधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खात्याचा देश बघ. भाव त्यावरच ठरतो. दुबईतल्या काकांनी तिकडचं गिफ्ट कार्ड पाठवलं, तर भारतीय खात्यात ते वटणार नाही; त्यांना रुपयांतलं कार्ड घ्यायला सांग. स्वस्ताईसाठी व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारं ॲप) लावून देश बदलायच्या फंदात तर पडूच नकोस: बदल वर्षातून एकदाच करता येतो, जुनी शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही, आणि गेमवाले खातं बंद करू शकतात.

पावसात रेंज गेली आणि यूपीआय ‘पेंडिंग’ दाखवू लागलं, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नकोस. आधी ऑर्डर हिस्टरी बघ. पासवर्ड मागून स्वस्त टॉप-अप देणाऱ्यांपासून लांबच राहा. त्यांनी चोरीच्या कार्डावर केलेली खरेदी रद्द होऊन पैसे परत गेले, की खातं तुझंच जातं.